खुराड्याजवळची रातराणी

रातराणीच्या वासाला साप येतो, हे नाशकात कुणालाही विचारा, छातीठोक सांगेल. कुणाच्या मामानं झाडाच्या बुंध्याशी वेटोळं घालून बसलेला नाग पाहिलेला असतो, कुणाच्या मेहुण्याच्या शेजाऱ्यानं वासानं झिंगून पडलेला पाहिलेला असतो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस शोधायला निघालात तर मात्र वहाणा झिजतील आणि तो भेटायचा नाही. तरी लोक झाड उपटतात. उपटल्यावर साप दिसला नाही की म्हणतात, बघा, झाड काढलं आणि पीडा गेली. आणि दिसलाच तर म्हणतात, मुळं राहिली असतील. असल्या समजुतीला काही केल्या मरण येत नाही. माणसं तेवढी मधल्या मध्ये जातात.

सन अडतीसच्या सुमाराला बागवानपुऱ्यात औषधालासुद्धा रातराणी उरली नव्हती. ती सगळी काढायला लावली होती एकट्या खातूनबीनं. दारोदार जाऊन, पदर पसरून, प्रसंगी भांडून. तिच्यापुढे नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण तिचं पोर सापानं गेलं होतं.

खातूनबी मूळची मनमाडची. बाप रेल्वेत खलाशी. लग्न होऊन इब्राहिम फुलवाल्याच्या घरात आली तेव्हा अंगानं काडी आणि जिभेनं मिरची. इब्राहिम नेमका उलटा. देह दणकट, बोलणं मोजकं. दर्ग्याच्या वाटेवर त्याचं लहानसं दुकान होतं. कबरीवर चढवायची फुलांची चादर असो की नवरदेवाचा सेहरा, गुंफावा तर इब्राहिमनंच, असं लोक म्हणत. पंचवटीतल्या मळ्यातून चंद्रभागा माळीण पहाटे पूल ओलांडून फुलांची पाटी घेऊन यायची. ती पाटी उतरवायची, खातूनबी तिला चहा द्यायची, आणि मग दोघी मिळून इब्राहिमच्या न बोलण्याची टिंगल करायच्या. तो केळीच्या सोपटाचा दोरा भिजवत मान खाली घालून हसत असे.

घरात सगळं होतं, मूल तेवढं टिकत नव्हतं. पाळणा हलायचा आणि थांबायचा. असं का व्हायचं ते कुणी सांगू शकलं नाही, आणि सांगणाऱ्यांनी जे सांगितलं ते ऐकण्यासारखं नव्हतं. शेवटी फारुख झाला आणि तो राहिला. तो चालायला लागला त्या पावसाळ्यात इब्राहिमनं चंद्रभागेच्या मळ्यातून रातराणीची एक काडी आणली आणि अंगणात, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ खोचली. उन्हाळ्यात कोंबड्यांना सावली होईल, एवढंच म्हणाला.

खातूनबीला हसू आवरेना. "फुलवाले ना तुम्ही? ह्याचं फूल ना विकता येतं ना केसात माळता येतं. दिवसा तर त्याला वाससुद्धा नाही. काय करायचं हे झाड?"

"म्हणूनच आणलं," इब्राहिम म्हणाला. "न विकायचं असं एक तरी झाड घरात असावं."

नवऱ्याचं एवढं लांब वाक्य तिनं क्वचितच ऐकलं होतं. तिनं ते चंद्रभागेला चार वेळा सांगितलं.

खुराडं मात्र खातूनबीचं. कोंबड्यांची पहिली जोडी तिनं माहेरून आणलेली. दगडमातीच्या तीन भिंती, वर फळ्या, पुढे सरकतं दार. घरात कुणी पाहुणा आला की तिच्या कोंबड्यांचं अंडं ताटात असायचंच, आणि पाहुण्यानं त्याची तारीफ केली नाही तर तो पाहुणा पुन्हा कधी नीट जेवून जात नसे. संध्याकाळी रातराणीला वास सुटला की इब्राहिम खाट ओढून तिच्याजवळ बसे, फारुख त्याच्या पोटावर चढे, आणि चुलीपाशी बसलेली खातूनबी दोघांना मिळून एकच शिवी देई. त्या घराचं सुख एवढंच होतं. थोडं नव्हतं.

सन एकतीसचा पावसाळा सरत आला होता. मनमाडहून खातूनबीचा भाऊ आला होता. दिवेलागणीची वेळ. तव्यावर भाकरी होती आणि अंडी एकानं कमी पडत होती. काळी कोंबडी उशिरा घालते हे तिला ठाऊक होतं. ती आतूनच ओरडली, "फारुख, काळीनं घातलंय का बघ जा, बेटा. हात घालून बघ, फळीच्या मागं असेल."

फारुख पळाला. मग त्याचं ओरडणं ऐकू आलं. मोरीवर पाय धूत असलेला इब्राहिम सगळ्यांच्या आधी पोचला. पोरगं रातराणीखाली मनगट धरून उभं होतं. खातूनबी येईपर्यंत बापानं त्याला उचललं होतं.

"अम्मी," फारुख म्हणाला, "कोंबडीनं चावलं."

कोंबडीनं चावलं नव्हतं हे दोन ठिपके बघून कुणालाही कळलं असतं. टांगा पळवला. दवाखान्याच्या फाटकात टांगा शिरायच्या आधीच पोराची मान इब्राहिमच्या हातावर कलली. पुढचं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी अंगण बायामाणसांनी भरलं. रातराणीला बहर होता. समोरच्या घरातली ताहेरा रडत रडत उठली आणि तिनं झाडाकडे बोट केलं. "हे बघा! दारात नागाला आवतण देऊन बसलेत! अगं, रातराणी कुणी अंगणात लावतं का?"

झालं. जो तो मान हलवू लागला. कुणाचा मामा आठवला, कुणाचा मेहुणा आठवला.

खातूनबीनं त्या बोटाकडे पाहिलं. बोट झाडाकडे होतं. झाडापासून हातभर अंतरावर खुराडं होतं, त्याच्याकडे नव्हतं. संध्याकाळच्या वेळी पोराला तिकडं कुणी धाडलं, हे कुणी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. तिला त्या बोटाचा आधार वाटला. मला विचाराल तर त्या घटकेला कुठल्याही आईनं तो घेतलाच असता, आणि तिला त्याबद्दल कुणी दोष देऊ नये. दोष द्यायचा तर पुढच्या वाक्याला द्यावा. ती उठली, नवऱ्यासमोर उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "तुम्ही आणलंत ते. तुमच्या हौसेनं माझं पोर खाल्लं."

इब्राहिमनं तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग त्यानं कुदळ घेतली आणि स्वतःच्या हातानं झाड मुळासकट काढलं.

त्याच आठवड्यात त्यानं आणखी एक गोष्ट केली. खुराड्याचा तळ उकरला, दगड ठोकून बसवले आणि वर चुना ओतला. पोराच्या कबरीची माती वाळली नाही आणि हा माणूस कोंबड्यांचं घर बांधत बसलाय, हे बघून खातूनबीच्या मनातून तो उतरला तो उतरलाच.

तिथून पुढे नवराबायको एका घरात राहिली एवढंच. चंद्रभागा पाटी घेऊन यायची, चहा मिळायचा, पण टिंगल बंद झाली. दुपारी खातूनबी बाहेर पडे. कुणाच्या परसात रातराणी आहे असं कानावर आलं की ती त्या दारात जाऊन उभी राही. "माझ्या फारुखची कसम आहे, काढ ते झाड. मी जे बघितलं ते तुला बघायला लागू नये." लोक काढत. एका नव्या नवरीनं माहेराहून हौसेनं आणलेली कुंडी होती. खातूनबीनं ती तिच्यासमोर रिकामी करून घेतली. पोरगी रडली, पण सासूनं खातूनबीचीच बाजू घेतली. पुढे पुढे तर तिला सांगावंही लागेना. पुऱ्यातली पोरंसुद्धा घोकू लागली की रातराणीला साप येतो, फारुखला तसाच चावला. सांगता सांगता तिलाही ते पटलं. काळी कोंबडी, कमी पडलेलं अंडं, फळीमागं हात घाल असं ओरडलेला आपलाच आवाज, हे सगळं तिनं मनाच्या तळाशी कुठेतरी गाडून टाकलं आणि वरून झाकण लावलं.

ह्या सगळ्याचा भार पडला तो इब्राहिमवर. झाड वाईट, तर झाड आणणारा कसा चांगला? सेहऱ्याची कामं कमी झाली. ज्याच्या हौसेनं स्वतःचं पोर गेलं त्याच्या हातचा सेहरा आपल्या पोराच्या डोक्यावर कोण बांधणार? एकदा दुकानासमोर एक म्हातारी आपल्या सुनेला सांगत होती, "हाच तो. ह्यानंच नाग घरात आणला." खातूनबी डबा घेऊन आली होती, तिनं ते ऐकलं. एक शब्द बोलली असती तर म्हातारी पळाली असती, तशी जीभ तिला देवानं दिली होती. ती बोलली नाही. डबा ठेवून निघून आली. इब्राहिम फुलं गुंफत राहिला.

एक चाळा मात्र त्याला लागला होता. अंडी काढायला तो खातूनबीला जाऊ देत नसे. सकाळी उठून स्वतः जाई. जाताना बोरीची काठी घेई, खुराड्याच्या फळ्यांवर ठोके, खाली, मागे, कोपऱ्यात ठोके, थांबे, कान देई, मग हात घाली. रोज. खातूनबीला त्या ठकठकीचा संताप येई. कोंबड्या ह्याला माझ्या म्हणून सलतात, म्हणून हा काठी आपटतो, असं ती ताहेराला सांगत असे.

सन पस्तीसच्या थंडीत इब्राहिमला ताप भरला आणि उतरला नाही. शेवटच्या दिवशी तिनं त्याच्या तोंडात पाणी घातलं. त्यानं तिचा हात धरला. तिला वाटलं, आता हा माफी मागेल. इतकी वर्षं ती त्या माफीची वाट बघत होती आणि माफ करायचं की नाही हे अजून ठरवत होती.

"खातून," तो म्हणाला, "खुराड्यात हात घालू नको. आधी काठी वाजव."

मरतानासुद्धा ह्याला कोंबड्याच आठवल्या, असं तिच्या मनात आलं. तिनं हात सोडवून घेतला. इब्राहिम गेला तेव्हा ती रडली ती चारचौघांत रडावं लागतं तेवढीच.

तरीपण काठी ती वाजवू लागली. मनात नसताना. मेलेल्या माणसाचं शेवटचं सांगणं मोडू नये, एवढ्यासाठी.

सन अडतीसच्या पावसाळ्यात एका सकाळी तिनं अशीच काठी ठोकली आणि खुराड्यात कोंबड्यांनी एकच कालवा केला. मागच्या कोपऱ्यात, जिथं इब्राहिमचा चुना तडकला होता आणि उंदरांनी खालून माती उकरली होती, तिथून नाग बाहेर आला. फणा काढला, तिच्याकडे बघितलं. अंगात मधेच एक फुगवटा होता. गिळलेलं अंडं. मग तो फणा मिटून भिंतीच्या कडेनं सावकाश निघून गेला.

खातूनबी काठी धरून उभी राहिली. अंगणात रातराणी नव्हती. शेजारी नव्हती. सगळ्या पुऱ्यात त्या झाडाचं एक पान नव्हतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? साप आला होता अंड्याला आणि उंदराला. तेव्हाही तो अंड्यालाच आला होता. कोंबडीनं चावलं, असं पोर म्हणालं होतं. पोरानं खरं सांगितलं होतं. त्यानं खुराड्यात हात घातला होता आणि तिथं त्याला काहीतरी चावलं होतं, आणि खुराड्यात कोंबडीशिवाय दुसरं काय असतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

आणि मग तिला हातातली काठी दिसली. दगड ठोकून बसवलेला तळ दिसला. चुना दिसला. रोजची ठकठक, थांबणं, कान देणं. आधी काठी वाजव.

त्याला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

ती तिथंच कोंबड्यांच्या घाणीत बसली आणि नवऱ्यासाठी रडली. इतक्या वर्षांनी, पहिल्यांदा. ताहेरा धावत आली, साप म्हणता म्हणता दहा जण गोळा झाले, काठ्या आल्या, साप केव्हाच गेला होता. "मुळं राहिली असतील गं," ताहेरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खातूनबी पूल ओलांडून पंचवटीत चंद्रभागेच्या मळ्यावर गेली. चंद्रभागा विहिरीपाशी फुलं निवडत होती. खातूनबीला पाहून ती दचकली आणि उठून एका कुंपणासमोर आडवी उभी राहिली, पण कुंपण तिच्यापेक्षा मोठं होतं.

"चंद्रभागा, मागं काय आहे?"

"काय नाय."

"रातराणी आहे. तू तर उपटली म्हणाली होतीस. माझ्या फारुखची कसम घातली होती तुला."

चंद्रभागेनं मान खाली घातली. "खोटं बोलले, बी. तुझं तोंड बघवंना म्हणून हो म्हणले. पण उपटाया हात हुईना. लय वर्सांची हाय गं. पोरंबाळं हिच्याखालीच झोपतात आमची. तुला राग येत असंल तर मार मला."

"मारत नाही," खातूनबी म्हणाली. "काडी दे एक. जगव आणि दे. त्यांच्या कबरीवर लावायची आहे."

चंद्रभागेनं तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून तीन काड्या खोचल्या. दोन वाळल्या. एक धरली.

थंडी पडायच्या आधी खातूनबी तो डबा घेऊन कबरस्तानाच्या फाटकाशी गेली. बायकांनी आत पाऊल टाकायचं नाही असा रिवाज. नवऱ्याची कबर, पोराची कबर, तिनं डोळ्यांनी कधी पाहिलेली नव्हती. फाटकाशी जमीलचाचा बसलेला असे. पुऱ्यातल्या झाडून सगळ्या कबरी त्यानंच खोदलेल्या. आता कुदळ त्याला उचलवत नव्हती, पण आत काय लावायचं आणि काय नाही हे अजून तोच ठरवी.

"चाचा, एवढं त्यांच्या उशाशी लावा."

म्हाताऱ्यानं पानं चुरगळून वास घेतला आणि डबा खाली ठेवला. "रातराणी? नाही बेटी. उद्या जनाजा घेऊन आलेले लोक बघतील आणि मलाच मारतील. साप येतो म्हणून अख्ख्या पुऱ्याला तूच सांगितलंस ना?"

"चुकीचं सांगितलं. साप अंड्याला आला होता. खुराड्यात. मी धाडलं होतं पोराला." हे शब्द तिनं जन्मात पहिल्यांदा उच्चारले.

जमीलचाचानं खाली ठेवलेला डबा सावलीत सरकवला. "मला ठाऊक आहे," तो म्हणाला.

खातूनबीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"पोराला माती दिली त्या दिवशी सगळे गेले आणि इब्राहिम मागं राहिला. त्यानं शेपूट आत जाताना बघितलं होतं. फुटलेलं अंडं बघितलं होतं. मी म्हटलं, मग झाडावर आळ कशाला घेतोस? सांग सगळ्यांना. तर म्हणाला, चाचा, झाड माझं आहे, खुराडं तिचं आहे. आळ झाडावरच राहू दे. तिला कळलं तर ती जगायची नाही."

"मग खुराडं मोडायचं ना! रोज काठी ठोकत बसले!"

"मीपण तेच म्हटलं, मोडून टाक. तर म्हणाला, मोडलं तर ती विचारील, का मोडलं."

खातूनबीनं फाटकाचा गज धरला. आत कुठंतरी, तिला न दिसणाऱ्या जागी, दोन कबरी होत्या.

"चाचा," ती शेवटी म्हणाली, "मी लोकांना खरं सांगते. मग लावाल?"

"लोक हो म्हणाले तर लावीन," म्हातारा म्हणाला.

तिला वाटलं, हे सोपं आहे. तिनं खोटं घरोघर पोचवलं होतं, तसंच आता खरं पोचवायचं. त्याच दुपारी ती ताहेराच्या अंगणात बायकांमध्ये जाऊन उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगितलं. काळी कोंबडी, भाकरी, कमी पडलेलं अंडं. "झाडाचा दोष नव्हता. त्यांचा दोष नव्हता. खुराडं माझं होतं. माझ्या सांगण्यावरून त्यानं हात घातला."

ताहेरानं उठून तिला पोटाशी धरलं. "पुरे कर, बी," ती रडत म्हणाली. "नवऱ्याचं झाकायला सगळं आपल्या डोक्यावर घेतेस. मेलेल्या माणसासाठी एवढं कोण करतं? अशी बायको मिळायला नशीब लागतं."

बाकीच्यांनीही डोळे पुसले. खातूनबी ओरडली, भांडली, फारुखची कसम घातली. जितकी ती ओरडली तितका त्यांचा विश्वास पक्का झाला. जे इब्राहिमनं तिच्यासाठी केलं होतं, ते ती इब्राहिमसाठी करते आहे असं सगळ्यांनी धरलं आणि तिची वाहवा केली. ती दुसऱ्या दारात गेली, तिसऱ्या दारात गेली. ज्या नवरीची कुंडी तिनं रिकामी केली होती तिच्या दारातही गेली. त्या बाईला आता दोन मुलं होती. तिनं मुलांना आत घेतलं आणि म्हणाली, "खाला, तुमचं दुःख समजतं. पण पोरांचं घर आहे, झाड नको."

संध्याकाळी ती पुन्हा फाटकाशी आली. "चाचा, माझं कुणी ऐकत नाही. तुम्ही सांगा. तुम्हाला त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. तुमचं ऐकतील."

जमीलचाचानं मान हलवली. "त्यानं मला पोराच्या कबरीवर हात ठेवायला लावला होता. कुणाला सांगणार नाही, अशी कसम घेतली. तुलासुद्धा मी सांगितलं नसतं. तू आपल्या तोंडानं बोललीस म्हणून बोललो. तुझ्यासाठी घातलेली कसम तुझ्याच सांगण्यावरून मोडू, बेटी? कयामतीला मी त्याला काय तोंड दाखवू?"

तिनं फाटकाशी राहिलेला डबा उचलला. 

घरी जाऊन तिनं खुराडं मोडलं. कोंबड्या वाटून टाकल्या. डबा मात्र टाकला नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती डबा कडेवर घेऊन कबरस्तानाच्या फाटकाबाहेर येऊन बसली. एवढ्याशा झाडाला पहिला घोस आला होता. अंधार पडता पडता त्याला वास सुटला. आत जायला तिला बंदी होती, वासाला नव्हती. पुरता अंधार होईपर्यंत ती बसली आणि मग डबा घेऊन घरी गेली.

मग ती रोज येऊ लागली. जमीलचाचा तिला बसायला आपली गोणपाटाची घडी देई आणि दुसरीकडे बघत राही. त्या वाटेनं जाणाऱ्या बायका तिला लांबूनच सलाम करत, हळहळत, आणि मुलांचे हात घट्ट धरून भराभर पलीकडच्या कडेनं निघून जात.

"तिच्याजवळ जाऊ नको रे," त्या मुलांना दटावत. "रातराणी आहे तिच्याकडे. साप येतो."